पोस्टर हलत नाही, मग नायक धावतो कसा?

ॲक्शन सिनेमाच्या पोस्टरमध्ये काहीच हलत नाही. आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही, एकही फटका प्रत्यक्षात बसत नाही. तरी कणकवलीच्या एसटी स्टँडसमोर किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत असं पोस्टर लागलं की गाडीतला माणूस मान वळवून बघतो, आणि सिनेमा कुठल्या जातीचा आहे हे त्याला नाव वाचायच्या आधीच कळलेलं असतं. हे आपोआप होत नाही. प्रत्येक रेघ, प्रत्येक सावली कुणीतरी त्यासाठी बसवलेली असते. मी बॅनर-पोस्टरचंच काम करतो, आणि मला मनापासून वाटतं की ही बसवणूक सगळ्यांना वाचता यायला हवी. आपल्या गल्लीबोळात दिवसभर सगळ्यात जास्त दिसणारी चित्रं हीच तर आहेत.

एखाद्या खऱ्या सिनेमाचं पोस्टर घेतलं तर चर्चा नटाकडे वळते. म्हणून आपणच एक पोस्टर मनात उभं करू. जागा हर्णै बंदर. वेळ संध्याकाळची. मागे समुद्रात सुवर्णदुर्गाचा तट, उजवीकडे लांबवर पेटलेला ट्रॉलर, पुळणीवर कललेल्या होड्या. पुढे नायक उभा आहे. एका हाताला जाळ्याचा दोर गुंडाळलाय, दुसऱ्या हाताची मूठ आपल्यावर आलेली. वर आभाळात, ढगांत मिसळलेला खलनायकाचा भलामोठा चेहरा. खाली सिनेमाचं नाव. असा सिनेमा कुठे आलेला नाही, पण ही मांडणी तुम्ही शंभरदा पाहिली असेल.

ती का चालते हे कळायचं तर आधी डोळ्याचं काम समजून घ्यावं लागतं. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा. त्या नखाएवढाच भाग, म्हणजे साधारण २ अंशांचा, आपल्याला एका वेळी लख्ख दिसतो. बाकीचं सगळं धूसर असतं. ते जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अख्खं चित्र दिसल्याचा भास देतो. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रं बघणाऱ्या माणसांच्या या उड्या नोंदवल्या. त्यांचं पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आलं. चित्रात माणूस असेल तर नजर पुन्हा पुन्हा त्याच्या डोळ्यांवर आणि ओठांवर येते, हे त्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसतं.

आता हिशोब करा. एसटी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पोस्टर ३० मीटर अलीकडून नीट दिसायला लागलं, तर खिडकीतल्या माणसाकडे तीन सेकंदसुद्धा नाहीत. तेवढ्यात डोळ्याच्या नऊ-दहा उड्या होतात. डिझायनरच्या हातात भांडवल एवढंच. पहिली उडी कुठे पडेल, दुसरी कुठे जाईल, शेवटची नावावर येईल की नाही, हे ठरवणं म्हणजे पोस्टरचं डिझाइन.

मग नायक एवढा मोठा का वाटतो ते बघू. हे समजायला कोकणातल्या माणसाला पुस्तक लागत नाही, क्षितिज त्याच्या दारात आहे. ओहोटीला ओल्या, सपाट पुळणीवर उभे राहा आणि समोरून येणाऱ्या, तुमच्याच उंचीच्या माणसाकडे बघा. समुद्राची रेघ बरोबर त्याच्या डोळ्यांमागून जाते. तो दहा पावलांवर असो की शंभर, रेघ डोळ्यांपाशीच. आता खाली बसा. तुमचे डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आले. तीच रेघ आता त्याच्या मांडीवर उतरते, आणि मांडीच्या वरचा सगळा माणूस आभाळात उभा दिसतो. पालथं पडून हनुवटी वाळूला टेकवली तर रेघ घोट्यापर्यंत खाली येते. त्याची उंची इंचभरही वाढलेली नाही, बदलली ती फक्त तुमच्या डोळ्याची जागा.

ॲक्शन पोस्टरचा कॅमेरा जवळजवळ नेहमी असा पालथा पडलेला असतो. आपल्या पोस्टरमध्येही क्षितिज नायकाच्या नडगीपाशी ठेवलंय. त्यामुळे सुवर्णदुर्गाचा तट कसाबसा त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचतो. किल्ला आणि माणूस यांची उंची शब्दांत कुणी तोलत नाही, पण डोळा तोलतो आणि माणूस किल्ल्यापेक्षा मोठा ठरवतो. बघणारा नकळत लहान होतो, जमिनीवर बसून मोठ्या माणसाकडे बघणाऱ्या पोराएवढा. पुढाऱ्यांचे फोटो खालून का काढतात, त्याचं उत्तरही इथेच आहे.

दुसरी गोष्ट तिरकी रेघ. सरळ उभी रेघ स्थिर वाटते, आडवी रेघ निजलेली वाटते. तिरकी मात्र पडण्याच्या किंवा उठण्याच्या मधल्या क्षणात अडकलेली असते. शरीराला गुरुत्वाकर्षण माहीत आहे, म्हणून तिरकं काही दिसलं की पुढे काय होणार याची मन वाट बघू लागतं. हालचाल कागदावर नसते, ती या वाट बघण्यात असते. आपल्या पोस्टरमध्ये कललेल्या होड्यांच्या डोलकाठ्या तिरक्या आहेत, ताणलेला दोर तिरका आहे, नायकाचे खांदेही समपातळीत नाहीत. एक खांदा खाली आहे, म्हणजे फटका निघण्याच्या बेतात आहे.

कधी कधी डिझायनर अख्खं चित्रच कलतं करतो, क्षितिजासकट. ज्याने भर समुद्रात होडी एका बाजूला झुकलेली अनुभवली आहे त्याला याचा परिणाम वेगळा सांगायला नको, पोटात गोळा येतो. पण ही युक्ती जपून वापरायची असते. क्षितिजही तिरकं, नायकही तिरका, नावही तिरकं असं झालं की सरळ काय आणि कललेलं काय हे कळायला काही उरत नाही, आणि चित्र पुन्हा निवांत होतं. एकतरी गोष्ट सरळ हवी. आपल्याकडे समुद्राची रेघ सरळ ठेवली आहे, म्हणून बाकीचं कललेलं जाणवतं.

आपल्यावर येणारी मूठ हा साधा अंतराचा खेळ. कॅमेऱ्यापासून चेहरा ३ फुटांवर आणि मूठ १ फुटावर असेल तर मूठ तिप्पट मोठी दिसते. एरवी चेहऱ्याच्या निम्मीसुद्धा नसणारी मूठ चेहऱ्यापेक्षा मोठी होते आणि कागदाच्या बाहेर आल्यासारखी वाटते. याच कारणासाठी ठिणग्या, वाळूचे कण, पावसाचे थेंब तीन थरांत टाकतात: अगदी जवळचे मोठे नि धूसर, मधले स्पष्ट, लांबचे बारीक. सपाट कागदाला खोली मिळते. रिकाम्या कोपऱ्यात नुसत्याच ठिणग्या उधळलेल्या दिसल्या तर समजावं की तिथे काय ठेवायचं हे कुणाला सुचलेलं नाही.

रंगांकडे येऊ. ॲक्शन पोस्टरं इतकी केशरी आणि निळी का असतात, हे अनेक जण विचारतात. रंगचक्रावर हे दोन रंग समोरासमोर बसतात, आणि समोरासमोरचे रंग शेजारी आले की दोन्ही अधिक उठून दिसतात. त्यात माणसाची त्वचा, गोरी असो वा सावळी, केशरी-तपकिरी घराण्यातलीच. पाठीमागे निळा टाकला की माणूस आपोआप पुढे येतो. आगीचा रंगही त्याच बाजूचा. आणि हा मेळ संगणकाने शोधलेला नाही, रोज संध्याकाळी किनाऱ्यावर तो फुकट दिसतो. सूर्य खाली गेला की त्याचा प्रकाश हवेच्या लांब थरातून येतो, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि उरलेला केशरी आपल्यापर्यंत पोचतो. सावलीत मात्र वरच्या आभाळाचा निळा उजेड पडलेला असतो. त्यामुळे सहा-साडेसहाला बंदरावर उभ्या माणसाचा एक गाल केशरी आणि दुसरा निळसर असतो. नीट बघितलंत तर दिसेल.

या प्रकाशातलं सगळ्यात उपयोगी काय असेल तर कडेची रेघ. सूर्य माणसाच्या मागे असला की त्याचे केस, कान, खांदा यांच्या कडेने एक बारीक उजळ रेषा उमटते. धंद्यात तिला रिम लाइट म्हणतात. काळा शर्ट काळ्या ढगावर हरवून जातो, पण खांद्यावर बोटभर रुंदीची केशरी कड आली की माणूस पार्श्वभूमीतून सुटा होतो. आपल्या पोस्टरमध्ये ही कड उजव्या खांद्यावर हवी, कारण पेटलेला ट्रॉलर उजवीकडे आहे. पुष्कळ पोस्टरांमध्ये आग एका बाजूला आणि कड दुसऱ्या बाजूला असते. नट स्टुडिओत वेगळा शूट केलेला, आग वेगळीकडून आणलेली, दोन्ही नुसती चिकटवलेली. बघणाऱ्याला चूक बोटाने दाखवता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपल्या पोस्टरमध्ये सगळ्यात मोठा कोण? खलनायक. त्याचा चेहरा अर्धं आभाळ व्यापून आहे. मग नजर आधी त्याच्यावर का जात नाही? आकार आणि उठाव या दोन वेगळ्या चाव्या आहेत. आकार सांगतो कोण बलवान आहे, आणि उठाव, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, सांगतो आधी कुणाकडे बघायचं. खलनायक मोठा आहे, पण ढगांच्याच करड्या रंगात रंगवलाय, कुठे तीव्र उजेड नाही, तीव्र काळोख नाही. नायक त्याच्या मानाने लहान, पण त्याच्या चेहऱ्यावर चित्रातला सगळ्यात उजळ केशरी आणि सगळ्यात गडद सावली शेजारी शेजारी आहेत. म्हणून पहिली उडी नायकावर. दुसरी मुठीवर. मग वर काहीतरी आहे असं जाणवतं आणि नजर चढते, तेव्हा खलनायक दिसतो. तो खाली नायकाकडे बघतोय, आणि कुणी कुठे बघत असेल तर आपणही तिकडे बघतो. तो आपली नजर परत खाली पाठवतो. नायकाच्या हातातला दोर ती थेट नावापर्यंत ओढून नेतो. नऊ-दहा उड्यांत अख्खी गोष्ट सांगून झाली: एक माणूस, त्याच्यावर सावट धरलेली मोठी ताकद, आणि तरी हा माणूस आपल्याकडे बघून मूठ उगारतोय.

पोस्टर असं रंगवून घडवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनी ‘कल्याण खजिना’ या १९२४च्या चित्रपटासाठी केलेलं पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय पोस्टरांतल्या सर्वांत जुन्यांपैकी मानलं जातं. पुढे मुंबईत मोठमोठी होर्डिंगं हाताने रंगली. एम. एफ. हुसेन तरुणपणी तेच काम करत. १९७०च्या दशकात दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांनी ब्रशबरोबर रंगाची सुरी हातात घेतली. गालावर लाल, हिरवा, निळा असे जाड फटकारे मारले की लांबून तोच चेहरा रागाने तापलेला दिसे. त्वचेचा खरा रंग तसा नसतो, पण संतापाचा असतो. आजचं संगणकावर गुळगुळीत केलेलं कातडं बघितलं की त्या फटकाऱ्यांची मला फार आठवण येते. घाम, व्रण, सुरकुती पुसून टाकल्यावर मारामारी कुणी केली म्हणायची?

लांबून ओळख पटवण्याचं शास्त्र आपल्या दशावतारालाही पक्कं ठाऊक आहे. संकासुराचा काळा वेश आणि लोंबणारी लाल जीभ देवळाच्या आवारात शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही कळते, चेहऱ्याचे बारकावे दिसण्याची गरजच पडत नाही. पोस्टरमध्येही पात्राची नुसती बाह्यरेषा काळी भरून बघावी. तेवढ्यावर कोण काय करतंय हे कळलं तर उभं राहण्याची ढब बरोबर निवडली आहे.

आता अक्षरं. देवनागरीला वरून शिरोरेखा असते आणि ती नावाला तयार तुळई देते. ॲक्शनची नावं याच तुळईशी खेळतात: तिला तडा देतात, मधेच तोडतात, वेलांटीचं टोक पात्यासारखं काढतात. पात्याची वेलांटी आता इतकी झाली आहे की तिची धार गेलीय, निदान मला तरी ती बघवत नाही. आपल्या पोस्टरसाठी मी शिरोरेखा ओल्या सुंभासारखी खरबरीत ठेवीन आणि वरून येणारा दोर तिलाच जोडीन. नाव किती मोठं हवं याचा ढोबळ ठोकताळा असा की दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची १ इंच. १०० फुटांवरून वाचायचं नाव १० इंचांचं हवं. तळाशी कलाकार-तंत्रज्ञांची नावं ज्या उंच, चेपलेल्या अक्षरांत येतात ती पद्धत हॉलिवूडची. तिथे करारांमध्ये नावाची उंची शीर्षकाच्या प्रमाणात बांधलेली असते, म्हणून उंची राखून रुंदी चेपतात. रोमन लिपी ते सोसते. देवनागरी फार चेपली की काने एकमेकांत घुसतात आणि वाचणारा नाद सोडतो.

छापताना आणखी एक गोष्ट आडवी येते. पडद्यावर रंग उजेडाने बनतो, कागदावर शाईने. मोबाइलवर धगधगणारा केशरी छापून आला की मातकट वाटतो. शिवाय आपल्याकडचं ऊन, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. उन्हात गुलाबी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकून राहते. म्हणून जुने फ्लेक्स निळे पडलेले दिसतात. आग नुसत्या रंगावर सोपवली तर महिन्याभरात ती विझते. गडद-फिक्यातला फरक भक्कम असेल तर रंग उडाल्यावरही चित्र कळतं.

आगीबद्दल एक मत मांडतो. मला ती आपल्या पोस्टरमध्ये नकोच आहे. कोकण किनारा म्हटलं की निळं पाणी नि माड, आणि ॲक्शन म्हटलं की स्फोट, हे दोन्ही न विचार करता येतं. आषाढातला समुद्र बघा. पाणी शिशासारखं करडं, आभाळ त्याच रंगाचं, क्षितिज पुसलेलं, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. राज्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते. अशा समुद्रात एकच ट्रॉलर दिवे मालवून उभा दाखवला तर किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल की हा इथे असायला नको. ज्वाळेच्या एका रेघेशिवाय गोष्ट सुरू झाली. नायकाच्या अंगावर फक्त विजेरीचा पिवळा झोत ठेवायचा, बाकी सगळं करडं. उठाव तोच, खर्च कमी, आणि हे पोस्टर दुसऱ्या कुठल्या गावाचं होऊच शकत नाही.

आता पोस्टर भिंतीपेक्षा मोबाइलवर जास्त बघितलं जातं. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर ३० बाय ४० इंचांचं, पण ॲपमधल्या यादीत तेच बोटाच्या पेराएवढं होतं. बारा पात्रं आणि तीन पाठलाग भरलेली जुनी मांडणी तिथे ठिपक्यांचा ढीग होते. म्हणून हल्ली एकच चेहरा, एकच वस्तू आणि भरपूर मोकळी जागा. मोकळ्या जागेची ही सवय मला चांगली वाटते, जरी जुन्या पोस्टरमधली भरगच्च मजा तिच्यात नाही.

गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांच्या आणि वाढदिवसांच्या फ्लेक्सवर हीच भाषा वापरतात: खालून काढलेला फोटो, मागे वीज, धातूची अक्षरं. फक्त खाली चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे एकाच आकारात, एकाच उजेडात लागतात आणि पहिली उडी कुठे मारायची हे डोळ्याला कळत नाही. नावं गाळा असं मी म्हणणार नाही, गावात ते शक्य नसतं आणि प्रत्येकाचा मान राखायलाच हवा. पण मुख्य फोटोवर उठाव ठेवून बाकीचे चेहरे थोडे फिके, एका रंगात केले तर कुणाचा आकार कमी न होता क्रम लागतो. छापायला देण्याआधी फाइल मोबाइलवर पेराएवढी करून बघा, मग काळी-पांढरी करून बघा. दोन्ही वेळा स्पर्धेचं नाव आणि तारीख पहिल्या झटक्यात सापडली तर फ्लेक्स छपाईला सोडायला हरकत नाही.